लाल पाकिटाचा विसार

१७ फेब्रुवारी १९९४. मुगाच्या पापडांचं पीठ कुटायचं होतं. पापडखाराचं पाणी आदल्या दिवशी उकळून गार करून ठेवलं होतं. सकाळी पीठ घट्ट भिजवलं आणि दुपारी अंगणात तेलाचा हात लावून कुटायला बसलो, मी आणि आमच्याकडे कामाला येणारी अक्का. अक्का धुळ्याकडची, माझं माहेरही धुळ्याचं, त्यामुळे आमचं बरं जमायचं. शेजारच्या दोघी लाटायला येऊन बसल्या होत्या. कुटणं मध्येच सोडलं की पीठ आखडतं आणि पापड कडेला फाटतात. म्हणून या कामाला बसताना मी दुसरं काही मध्ये येणार नाही असं बघून बसायची.

त्या दिवशी तसं बघितलंही होतं. यजमान धुळ्याला लग्नाला गेले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होते. हाँगकाँगचे पाहुणेही दुसऱ्याच दिवशी यायचे होते. म्हणजे ते येतील तेव्हा बोलणी करायला यजमान घरी असणार होते. हे सगळं ठरवून केलेलं होतं.

पाहुणे कोण, ते सांगायला हवं. आमचं पहूरला धान्याचं आणि कापसाचं दुकान. आम्ही जैन, पूर्वज राजस्थानातून आलेले, घरात बोली मारवाडी, दुकानात मराठी. मी शिकले मराठीतून, म्हणून अक्काची अहिराणी सोडून इथे सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते. सासऱ्यांना आम्ही बापूजी म्हणायचो आणि नणंदेला, आमच्यात म्हणतात तसं, बाईसा. बाईसा लग्न होऊन हाँगकाँगला गेली. तिचे यजमान तिथे मोत्यांचा व्यापार करत. बापूजी आणि जावई यांनी मिळून तिकडे एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, निम्मं निम्मं. कसं घेतलं, कोणत्या परवानगीने घेतलं, ते मला माहीत नाही. तेव्हा मी या घरात आलेली नव्हते.

जावई वारले. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बाईसा आता परत येईल. ती आली नाही. तिथल्या व्यापाऱ्यांना कांदा-लसूण-बटाटा नसलेलं जेवण मिळत नसे, तिने त्याच घरातून डबे सुरू केले. हाताखाली दोन बायका ठेवल्या. बापूजींना हे आवडलं नव्हतं. आपली मुलगी परक्या मुलखात परक्यांसाठी स्वयंपाक करते, हे ते कुणाला सांगत नसत. गावात कोणी विचारलं तर ‘व्यवसाय बघते’ म्हणायचे.

मग ती कंपनी आली. चीन सरकारच्या मालकीची, जागा आणि इमारती घेणारी. हाँगकाँग तेव्हा इंग्रजांकडे होतं, तरी ही कंपनी तिथल्या जुन्या इमारती एकेक मजला करत विकत घ्यायची, पाडायची आणि उंच बांधायची. आमच्या इमारतीतले बाकी सगळे विकून गेले होते. राहिला होता फक्त तिसरा मजला. एका जरी मालकाने सही दिली नाही तरी त्यांना इमारत पाडता येत नव्हती. बाईसाने सांगितलं होतं की मला पैसे नकोत, जवळपास दुसरी जागा द्या, चुलीसकट. कंपनी म्हणत होती, जागा देत नाही, पैसे देतो. तेव्हा कंपनीने दुसऱ्या निम्म्या मालकाला पत्र लिहिलं. बापूजींना दर पसंत पडला. बापूजींनी आपला भाग दिला असता तर कंपनी निम्म्या घराची मालक झाली असती, आणि मग उरलेल्या निम्म्यात बाईसा किती दिवस टिकली असती, हे सांगायला वकील लागत नाही.

तिचा फोन जानेवारीत आला होता.

“भाभी, बापूजी विकायला बसलेत.”

“माहीत आहे.”

“त्यांनी सही केली की मला पहूरला यावं लागेल. येईन. पण येऊन करू काय? तुमचे पापड राखत बसू? कावळे हाकू?”

“कावळे हाकायला माणूस आहे माझ्याकडे.”

“बघा. तुम्हाला तरी मी हवी आहे का स्वयंपाकघरात? खरं सांगा.”

“चार दिवस हव्या आहात,” मी म्हटलं. “पाचव्या दिवशी आपलं मिठावरून वाजेल.”

ती हसली. मग म्हणाली, “भाभी, आधी माझ्या जागेचं बोलणं, मग सही. एवढं करा.” यजमानांनी आणि मी तसं ठरवलं. बापूजींनाही यजमानांनी विचारलं, ते “बघू” म्हणाले होते.

तर मी पीठ कुटत होते आणि जळगावची एक टॅक्सी दारात थांबली. त्यातून एक गोरा, टक्कल पडलेला, घामाघूम झालेला माणूस उतरला आणि त्याच्या मागून एक चिनी बाई. ठेंगणी, माझ्याच वयाची, आखूड केस, राखाडी पँट, पायात मजबूत बूट. माणूस हाँगकाँगचा सिंधी, जागांची दलाली करणारा. त्याला चांगलं हिंदी येत होतं. बाई कंपनीची अधिकारी.

दलालाने सांगितलं की मुंबईचं काम लवकर आटपलं म्हणून एक दिवस आधीच निघाले. सकाळी जळगाव स्टेशनवर उतरले. टॅक्सीवाल्याला पहूर सांगितलं. त्याने बाईचा चेहरा बघितला आणि ही लेणी बघायलाच आली असणार असं ठरवून टाकलं. पहूर मागे टाकून त्यांना सरळ अजिंठ्याला नेऊन सोडलं.

“मी ओरडत होतो, पहूर, पहूर,” दलाल म्हणाला. “तो म्हणतो, साहेब, पहूरला काही बघण्यासारखं नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.”

“मग?”

“मग काय, लेणी बघितली. मॅडमना आवडली.”

अक्काने मुसळ खाली ठेवलं नव्हतं. तिने बाईला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मला हळू विचारलं, “कथाईन उनी वं माय ही बाई?”

“चीनमधून. बाईसाचं घर विकत घ्यायला.”

“आनि बाप्या?”

“तो दलाल.”

“दलाल बठ्ठीकडे, आठे नि चीनमा, सारखाच दिखतस,” अक्का म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात सून सासऱ्यांशी तोंडाने बोलत नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत बोलणं व्हायचं. त्या गेल्यावर यजमान, आणि तेही घरी नसले तर दार. बैठकीच्या आणि घराच्या मध्ये एक दार होतं. मी आतल्या बाजूला पदर पुढे ओढून उभी राहायची आणि म्हणायची, “दारा, बापूजींना सांग, दूध नासलं, चहा उशिरा होईल.” बापूजी गादीवरून म्हणायचे, “दारा, सांग त्यांना, चालेल.” बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटतं. आमचं घर त्यावर नीट चाललं. उलट, दाराशी बोलताना माणूस कमी शब्दांत बोलतो आणि भांडण लांबत नाही.

मी हात पुसून दाराशी गेले. पाहुणे बैठकीत आले होते. बाईने कोणी न सांगता बूट बाहेर काढले, हे मी बघितलं. बापूजी गादीवर बसले होते, पांढरी टोपी, पांढरा सदरा. बाईने पर्समधून एक लाल कागदाचं पाकीट काढलं, वर सोनेरी अक्षरं. दोन्ही हातांत धरून, थोडं वाकून, तिने ते बापूजींपुढे धरलं.

बापूजींनी दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. कपाळाला लावलं. उठले, देवघरात गेले, महावीरांच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि परत येऊन बसले.

“झाला सौदा,” ते म्हणाले.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. त्यांनी तो विसार समजला होता.

आमच्या बाजारात सौद्याचा दर ठरला की घेणारा विकणाऱ्याच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो. तो विसार. हात पुढे करून तो घेतला की माल विकणाऱ्याचा राहत नाही, मग कागद आठ दिवसांनी होवो नाहीतर महिन्याने. दुसऱ्या दिवशी भाव दुप्पट झाला तरी बोलायचं नाही. विसार फिरवायचाच झाला तर दुप्पट परत द्यावा लागतो, आणि ज्याने फिरवला त्याच्याशी तो सौदा कोणी पुन्हा बोलत नाही. बापूजींनी उभ्या आयुष्यात कधी विसार फिरवला नव्हता. जामनेरच्या बाजारात त्यांना त्यासाठीच ओळखत. इथे दर पत्रात ठरलेला, घेणारी पार्टी स्वतः दारात आलेली, लाल पाकीट, दोन्ही हात. त्यांच्या जागी कुठलाही व्यापारी असता तरी त्याने तेच समजलं असतं.

दलालाने काहीतरी बाईला सांगितलं. बाईने हसून मान डोलावली. दलालाने बॅगेतून कागद काढले.

“दारा,” मी म्हटलं, “बापूजींना विचार, बाईसाच्या जागेचं बोलणं आधी करायचं होतं ना?”

“दारा, सांग त्यांना,” बापूजी म्हणाले, “विसार घेतला. आता बोलणं कसलं?”

बाईने दाराकडे बघितलं. मग वाकून दाराच्या मागे कोणी आहे का ते बघितलं. तिला माझ्या साडीचा काठ दिसला असेल. तिने दलालाला काही विचारलं, त्याने बराच वेळ समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली.

दलाल हसायला लागला. “मॅडम म्हणतात, आमच्या ऑफिसातही असंच आहे. मोठ्या साहेबांशी थेट बोलता येत नाही. फाइलला सांगावं लागतं.”

बापूजींना ते आवडलं. त्यांनी दलालाला विचारलं, “ही कंपनी सरकारची ना? कम्युनिस्ट सरकारची?”

“हो.”

“आमच्याकडचे कम्युनिस्ट तर दुसऱ्यांच्या जमिनी वाटायला निघाले होते. हे विकत घेतात?”

“घेतात, बापूजी. हाँगकाँगला घेतात, बँकॉकला घेतात, ऑस्ट्रेलियात घेतात.” दलालाने एक चकचकीत पुस्तक काढून उंच उंच इमारतींची चित्रं दाखवली. दलालीच्या धंद्यात असल्यामुळे तो प्रत्येक इमारत स्वतः बांधल्यासारखी दाखवत होता.

“फायदा झाला तर कुणाचा?”

“सरकारचा.”

“आणि तोटा?”

दलालाने बाईला विचारलं. बाई काही बोलली. “म्हणतात, तोटा झाला तर मॅनेजरची बदली होते.”

“म्हणजे सरकारी ते सरकारीच,” बापूजी म्हणाले आणि चष्मा मागितला. मग हात आवरला. “आधी जेवण. उपाशी माणसांकडून कागद घेत नाही मी. जेवून मग सही.”

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. म्हणजे माझ्या हातात दुपारचा उरलेला वेळ होता, आणि त्यात दाल-बट्टीही करायची होती.

मी अक्काला पीठ झाकायला सांगितलं आणि बट्ट्यांसाठी कणीक मळायला घेतली. बाई अंगणात आली. दलाल तिच्या मागे. शेजारणी लाटत होत्या. तिने एक लाटणं उचललं, लाटून बघितलं, पापड तिकोनी झाला. ती स्वतःच हसली आणि तो मोडून गोळा परत दिला. कामाला सरावलेली बाई होती. मी दलालाला विचारलं, “भाऊ, ते लाल पाकीट कशाचं?”

“नवं वर्ष झालं ना आमच्याकडे आता. नव्या वर्षाचं पाकीट. वडीलधाऱ्यांना, मुलांना, सगळ्यांना देतात. शुभ असतं.”

“म्हणजे घराचा त्याच्याशी संबंध नाही?”

“घराचा? नाही, नाही. मॅडमच्या पर्समध्ये गठ्ठा आहे.”

बाईला बोलण्यावरून कळलं असावं. तिने पर्स उघडली आणि खरंच अक्काला एक पाकीट दिलं, दोघी शेजारणींना एकेक दिलं. अक्का उठून उभी राहिली. तिने पाकीट लांब धरलं.

“माय वं,” ती म्हणाली, “मनं बी घर इकाई गयं का?”

शेजारणी हसून हसून लाटणी सोडून बसल्या. मी हसले नाही, कारण मला ते उपयोगाचं वाटलं. मी दाराशी गेले.

“दारा, बापूजींना सांग, पाकीट विसाराचं नाही. चिनी लोकांच्या नव्या वर्षाचं आहे. अक्कालाही मिळालं.”

बापूजी म्हणाले, “दारा, सांग त्यांना. अक्काला दिलं ती खुशी. मला दिलं तो विसार. देणाऱ्याच्या मनात काय होतं ते मी कुठे बघायला जाऊ? मी काय म्हणून घेतलं, ते मला माहीत आहे. देवापुढे ठेवलं. तोंडाने सौदा झाला म्हटलं.”

“दारा, विचार त्यांना, बाईसा इथे येऊन करतील काय?”

“करायचं काय? घर आहे तिचं. सामायिक-जप करेल, बसेल. तिला काय कमी आहे?”

“दारा, सांग, बाईसा बसणाऱ्यातल्या नाहीत.”

“दारा, सांग त्यांना, ते मलाही माहीत आहे. माझीच मुलगी आहे. पण विसार फिरवायचा माझा हात नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांची मुलीला परत आणायची इच्छा होती, हे खरं. पण आता इच्छेचा प्रश्न उरला नव्हता. त्यांच्या हिशेबात घर विकलं गेलं होतं. यजमान असते तर त्यांनी समजूत घालायला तास दोन तास घालवले असते आणि काही झालं नसतं. समजूत घालून विसार सुटत नाही. तो दुप्पट परत दिला तरच सुटतो.

माझा हात होता.

मी बट्ट्या भट्टीत टाकल्या, वरणाला फोडणी दिली आणि दलालाला अंगणात एका बाजूला बोलावलं. देवघरातून पाकीट घेतलं, उघडून बघितलं. आत हाँगकाँगची एक नवी नोट होती. तिचे आपले किती होतात ते त्याला विचारलं. त्याने सांगितलं. माझ्याकडे घरखर्चातले होते, त्यातून तेवढे काढले, वर थोडे जास्तच ठेवले, म्हणजे उद्या कोणी भाव चुकला म्हणायला नको.

मग मी कपाटातून नारळ, खणाचा तुकडा आणि माझी एक नवी ओढणी काढली. ताटलीत कुंकू, गहू. नारळावर लाल पाकीट आणि त्याखाली माझ्या नोटा. पदर पुढे ओढला आणि त्या दारातून बैठकीत गेले. परक्या पुरुषांसमोर मी बैठकीत कधी जात नसे. बापूजींनी मान वळवली, म्हणजे त्यांनी मला बघितलं नाही असं झालं.

बाईला मी विचारलं, लग्न झालं आहे का. दलाल म्हणाला, झालं आहे, नवरा कँटनला असतो. मी तिला कुंकू लावलं, तिला पदर नव्हता म्हणून ओढणी खांद्यावर टाकली आणि टोक पुढे धरायला लावलं. तिने शाळेतल्या मुलीसारखं नीट धरलं. मी ओटी भरली. गहू, नारळ, खण, पाकीट, नोटा.

दलालाला सगळ्यात आधी कळलं. सिंधी व्यापारी माणूस, विसार त्यालाही माहीत असणार.

“भाभीजी,” तो हिंदीत म्हणाला, “हे काय करता आहात?”

“ओटी भरते आहे. घरी आलेल्या बाईला रिकामं पाठवत नाही आम्ही.” मग मी स्पष्टच बोलले. आडून काही केलं असं मला नको होतं. “मॅडमना सांगा. तुमचं पाकीट परत, आणि त्याच्याबरोबर तेवढंच आमचं. आमच्या बाजारात याचा अर्थ सौदा मोकळा. बापूजींनी घेतलेला विसार घराने दुप्पट फिरवला.”

त्याने सांगितलं. बाईने ओढणीतल्या वस्तू बघितल्या. मग बापूजींकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि हळू हळू काही बोलली.

“मॅडम म्हणतात,” दलाल कपाळ पुसत म्हणाला, “दुपारपासून मी एक व्यवहार केला आणि मोडलाही. आणि दोन्ही वेळेस मला कोणी सांगितलं नाही.”

“आता सांगितलं,” मी म्हटलं.

बापूजी भिंतीकडे बघत बसले होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. मी आत गेले. बट्ट्या काढायच्या होत्या.

जेवताना कोणी सौद्याचं बोललं नाही. बाईने बट्टी चमच्याने फोडायचा प्रयत्न केला. मी अक्काला सांगितलं, तिला कुस्करून दाखव. अक्काने दाखवलं, तूप ओतलं, “खाय वं, लाजू नको,” म्हणाली. बाईने तीन बट्ट्या खाल्ल्या. दलालाने पाच. त्याची भूक काही मोडली नव्हती.

जेवणं झाल्यावर बाईने स्वतःहून विषय काढला. हे मला आवडलं. तिने दलालामार्फत विचारलं की खरी अडचण काय आहे, ती मला सांगा. मी दाराच्या आतून सांगितलं. जागा हवी, जवळ हवी, चूल लावता येईल अशी हवी, कारण तिथे एक बाई डबे करून जगते. बाईने वही काढली नाही, काही नाही. विचार केला आणि म्हणाली की नव्या इमारतीत जुन्या मालकांना जागा द्यायचा नियम नाही, तो मला बदलता येणार नाही. पण मागच्या गल्लीत कंपनीची आणखी एक जुनी इमारत आहे, तिथे खालचा मजला रिकामा आहे. तो बदलीत देता येईल का, हे विचारावं लागेल.

“कुणाला?” बापूजींनी विचारलं. ते जेवल्यापासून पहिल्यांदा बोलले.

“आधी हाँगकाँगच्या ऑफिसला. मग वर.”

“वर म्हणजे?”

“पेकिंगला.”

“विचारणार का, की मुंबईला पोचेपर्यंत विसरणार?”

दलालाने हे भाषांतर करताना गाळलं असावं, पण बाईने त्याच्या तोंडाकडे बघून त्याला पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने खरं सांगितलं. ती म्हणाली, “इमारत अडकली आहे तोवर माझीही फाइल अडकली आहे. मी विसरणार नाही.” हे मला पटलं. शपथेपेक्षा बरं होतं.

दलालाला घराचा दर पुन्हा बोलायचा होता. बापूजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

“दारा,” ते म्हणाले, “सांग सूनबाईंना. विसार त्यांनी फिरवला.”

मी दाराच्या आत पदर सावरला.

“ज्याच्या घराने विसार फिरवला त्याने त्या सौद्यात पुन्हा बसायचं नसतं. हे त्यांना माहीत आहे का?”

“दारा, सांग बापूजींना, माहीत आहे.”

“मग मी आता या घराचं बोलू शकत नाही. जागेचंही नाही, दराचंही नाही. कुणी बोलायचं?”

मला उत्तर माहीत होतं, पण ते त्यांनी द्यायचं होतं. अंगणात अक्का भांडी घासत होती. दलाल एकदा दाराकडे बघे, एकदा बापूजींकडे.

“निम्मं तिचं आहेच,” बापूजी शेवटी म्हणाले. “राहिलेल्या निम्म्याचं मुखत्यारपत्र तिच्या नावाने करून देतो. घ्यायचं, द्यायचं, राहायचं, डबे करायचे, तिचं ती बघेल. लोक विचारतील तर—” इथे ते थांबले. “लोक विचारतील तर सांगेन, व्यवसाय बघते.”

ते रागावलेले होते, यात शंका नाही. मला उद्देशून पुढचे काही दिवस ते दाराशीही बोलले नाहीत. त्या तिन्हीसांजेला सामायिकाला बसायच्या आधी त्यांनी शेवटचं एवढंच विचारलं, “दारा, विचार, जळगावला पहिली बस कधी आहे?”

पाहुणे त्याआधी, दिवस मावळताना निघाले. बाईने ओढणी घडी करून परत द्यायला पुढे केली, मी ठेवा म्हटलं. तिने ठेवली. टॅक्सीवाल्याला अक्काने बजावलं की आता नीट जळगावलाच ने, रात्रीची लेणी दाखवत बसू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांसाठी चहा थर्मासमध्ये भरून ठेवला, अक्काला किल्ली दिली आणि बापूजींना घेऊन पहिल्या एस.टी.ने जळगावला गेले. त्यांना खिडकीशी जागा मिळवून दिली आणि मी मागे बसले. वकिलाचं ऑफिस उघडायला वेळ होता. बापूजींना समोरच्या ओळखीच्या दुकानात गादीवर बसवलं, पाणी द्यायला सांगितलं, आणि मी कचेरीच्या आवारात जाऊन मुद्रांक विकणाऱ्याच्या रांगेत उभी राहिले.